बाजाराचे कुंपण

शेताला कुंपण घातले म्हणून पीक अधिक येत नाही. आलेले पीक राखले जाते. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे कार्यही असेच असते. गुंतवणूकदाराला नफा मिळवून देणे हे तिचे काम नव्हे. त्याची फसवणूक होणार नाही, हे पाहणे हे तिचे काम आहे.

अशा संस्थेची गरज का भासते? भाजी घेताना गिऱ्हाईक ती हातात घेऊन पारखते. कंपनीचा समभाग असा पारखता येत नाही. कंपनीचे हिशेब, संचालकांची निवेदने आणि दलालाचा शब्द यांवरच सामान्य माणसाला विसंबून राहावे लागते. विकणाऱ्याला सर्व ठाऊक आणि घेणारा मात्र अंधारात, अशा ठिकाणी लबाडीला वाव मिळतो.

हे ओळखून १२ एप्रिल १९८८ रोजी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजेच 'सेबी', स्थापन झाले. मात्र त्याला कायद्याचे अधिकार मिळाले ते १९९२ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. बँकांचा पैसा गैरमार्गाने शेअर बाजारात वळवून समभागांचे भाव फुगवण्यात आले होते. फुगा फुटला आणि वाढत्या भावाच्या मोहाने आलेल्या असंख्य कुटुंबांची बचत बुडाली.

तेव्हापासून बाजाराला बरीच शिस्त लागली आहे. १९९६ च्या कायद्यानंतर समभागांची कागदी प्रमाणपत्रे मागे पडून त्यांच्या नोंदी संगणकावर होऊ लागल्या. बनावट व गहाळ प्रमाणपत्रांचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी झाला. आतल्या गोटातील माहितीच्या आधारे व्यवहार करणे हा दंडनीय अपराध ठरला.

तरीही नियम करणे ही अर्धीच कामगिरी होय. सहारा समूहातील दोन कंपन्यांनी लोकांकडून गोळा केलेले सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह परत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दिला. परंतु पुढील अनेक वर्षांत सेबीमार्फत गुंतवणूकदारांच्या हाती पडलेली रक्कम त्या मानाने अगदीच अल्प होती. निकाल लागला, तरी पैसा घरी येईपर्यंत न्याय पुरा होत नाही. म्हणून नियामकाची खरी कसोटी त्याच्या तत्परतेत आहे.

दुसरी कसोटी त्याच्या स्वतःच्या निःस्पृहतेची आहे. नियम करणे, चौकशी करणे आणि दंड ठोठावणे हे तिन्ही अधिकार सेबीकडे एकवटले आहेत. कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणण्याची पाळी येऊ नये, यासाठी तिच्या आदेशांविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे. एवढ्यावर भागत नाही; तिच्या अधिकाऱ्यांचे आर्थिक हितसंबंधही लोकांसमोर उघड असले पाहिजेत. इतरांचे हिशेब तपासणाऱ्याने आपला हिशेब झाकून ठेवू नये.

मात्र कुंपण कितीही भक्कम असले, तरी शेतकऱ्याने झोपून चालत नाही. समभागांच्या भावी किमतींवर बेतलेले 'फ्युचर्स व ऑप्शन्स' हे व्यवहार फार जोखमीचे असतात. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला, असे सेबीच्याच पाहणीत आढळले. हे सारेच फसवले गेले होते, असे नाही. झटपट श्रीमंतीचा मोहही अनेकांना नडला. अशा मोहापासून वाचवणारा कायदा कोणतेही सरकार करू शकत नाही.

नियामकाने जागे राहावे, आणि त्यालाही कोणीतरी जाब विचारावा. पण सही करण्यापूर्वी कागद वाचण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. कष्टाच्या पैशाला हा दुहेरी पहारा आवश्यक आहे.