पाच वर्षं मिलिटरी आणा म्हणे!

"आपल्याकडे पाच वर्षं मिलिटरी राज्य आणा, सगळे सुतासारखे सरळ येतील!" कॅन्टीनमध्ये हे ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. बोलणारे सगळे शिकलेले, टॅक्स भरणारे. त्यांना मी एकच नाव सांगतो: परवेझ मुशर्रफ.

१२ ऑक्टोबर १९९९ ला साहेबांनी नवाझ शरीफना घालवलं. (शरीफनीच त्यांना वर्षभरापूर्वी लष्करप्रमुख केलं होतं. मधे कारगिल झालं, ते आपल्याला सांगायला नको.) २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २००२ मध्ये सार्वमत घेतलं, समोर उमेदवारच नाही आणि होकार सुमारे ९८ टक्के! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरसुद्धा इतकं एकमत होत नाही राव. डिसेंबर २००३ मध्ये टीव्हीवर शब्द दिला, २००४ संपायच्या आत वर्दी उतरवतो. उतरवली कधी? नोव्हेंबर २००७ मध्ये.

"पण खाजगी चॅनेल्स त्यांच्याच काळात आली ना?" आली की. आणि ३ नोव्हेंबर २००७ ला आणीबाणी लावून त्यांनीच ती बंद पाडली, सरन्यायाधीशांनाही घरी बसवलं. मर्जीने दिलेलं परत घ्यायला कोणाला विचारावं लागतं?

ऑगस्ट २००८ मध्ये महाभियोग दिसू लागल्यावर राजीनामा दिला. २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, २०२३ मध्ये दुबईत वारले. आणि ती शिक्षाही १९९९ च्या बंडासाठी नव्हती बरं का, फक्त २००७ च्या आणीबाणीसाठी. बंडावर सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच शिक्का मारून दिला होता.