बखर संस्थापकांची, दफ्तर सांभाळणाऱ्यांचे

(१) मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास आपण बखरीसारखा सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जगापुढे ठेवले आणि पुढे विजयच विजय! या कथनावर माझा आक्षेप आहे. त्यात संस्थापक आहेत. ते निघून गेल्यावर मागे उरलेले घर सांभाळणारे नाहीत. हा धागा त्यांच्याविषयी.

(२) आधी थोडी परिभाषा. लिनक्सवरील प्रोग्राम सहसा थेट लेखकाकडून आपल्यापर्यंत येत नाही. डेबियन, फेडोरा, आर्च यांसारखी वितरणे मूळ कोड घेतात, आपल्या व्यवस्थेत बसवतात, दोष काढतात आणि त्याचे ‘पॅकेज’ करून देतात. हे करणारा तो ‘मेंटेनर’, बहुतेकदा स्वयंसेवक. मूळ प्रकल्प म्हणजे ‘अपस्ट्रीम’, उगमाकडची बाजू. उगमच आटला, तर?

(३) पहिला दाखला अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेचा. तिचा ‘एचटीटीपीडी’ हा १९९५च्या आरंभी सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर होता. पण त्याचे लेखक रॉब मकूल १९९४च्या मध्यावर संस्था सोडून गेले आणि काम थंडावले. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या पुरत्या दुरुस्त्या, म्हणजे ‘पॅच’, करत राहिले. फेब्रुवारी १९९५मध्ये आठ जणांनी त्या एकत्र आणल्या. त्यातून ‘अपाची’ उभा राहिला. १ डिसेंबर १९९५ रोजी त्याची १.० आवृत्ती आली आणि पुढच्या वर्षभरात त्याने मूळ सर्व्हरला मागे टाकले.

(४) हा वारसा उजेडात आला, कारण वारसांनी नवे नाव घेतले. बहुतेकांच्या नशिबी ते नसते. झिप फाइल उघडणारा ‘अनझिप’ पाहा. इन्फो-झिप गटाने त्याची ६.० आवृत्ती एप्रिल २००९मध्ये काढली. त्यानंतर अधिकृत स्थिर आवृत्ती आलीच नाही. तरीही तो लिनक्सवर सर्वत्र नांदतो आहे. कोणाच्या बळावर?

(५) उत्तर आवृत्तीच्या क्रमांकात दडले आहे. २०२३ साली आलेल्या ‘डेबियन १२’मध्ये त्याचा क्रमांक ६.०-२८ असा आहे. छोट्या रेघेच्या डावीकडचा आकडा मूळ लेखकांचा, उजवीकडचा मेंटेनरचा. डावा २००९मध्ये थिजला. उजवा चालत राहिला. आपली बखर रेघेच्या डावीकडेच संपते.

(६) या उजव्या आकड्यात काय असते? २०१९ साली डेव्हिड फिफिल्ड यांनी नव्या तऱ्हेचा ‘झिप बॉम्ब’ दाखवला : सुमारे ४२ किलोबाइटची फाइल उलगडली की साडेपाच गिगाबाइट होते. मार्क अ‍ॅडलर यांनी त्यावर पॅच लिहिला आणि डेबियनने तो घेतला. तेव्हा फायरफॉक्सची एक निर्दोष फाइलही बॉम्ब ठरू लागली. मग त्यावर आणखी दुरुस्ती. परित्यक्त कोड सांभाळणे म्हणजे हे : न लिहिलेल्या चुकांची जबाबदारी घेणे आणि दुरुस्तीचीही दुरुस्ती करणे.

(७) येथे पहिला आक्षेप येतो : ‘मेलेले सॉफ्टवेअर काढून टाका.’ यात तथ्य आहे. पायथन २चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि डेबियन १२मधून ते वगळले गेले. जाहीर निरोप देणे हीसुद्धा जबाबदारीच. पण रोज वापरायचे, सांभाळणाऱ्याकडे पाहायचे नाही आणि वर ‘मेलेले’ म्हणायचे, हा निव्वळ दांभिकपणा आहे.

(८) दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ‘मेंटेनरने परक्या कोडला हात लावूच नये.’ पुरावा म्हणून डेबियनमधील ओपनएसएसएलचे प्रकरण दिले जाते. २००६ साली केलेल्या एका बदलाने गुप्त किल्ल्यांमधील यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांसाठी फक्त ३२,७६८ शक्यता उरल्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले, तेव्हा असंख्य किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या.

(९) पण या प्रकरणाचा धडा उलटा आहे. तेथे अपस्ट्रीम जिवंत होते. मेंटेनरने विचारणाही केली होती. संवाद मात्र अपुरा राहिला आणि बदल पुरेशा जाणत्या नजरांखालून गेला नाही. विचारायला कोणी असताना हे घडते, तर कोणीच नसलेल्या कोडवर एकट्या माणसाला सोडणे किती धोक्याचे! म्हणून उपाय ‘हात लावू नका’ हा नव्हे, ‘एकट्याने लावायची वेळ आणू नका’ हा आहे.

(१०) एकट्याला सोडले की काय होते, ते २०२४ साली दिसले. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारे साधन लासे कोलिन जवळजवळ एकहाती सांभाळत होते. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर दिरंगाईचा ठपका ठेवून नवा मेंटेनर नेमण्याचा तगादा लावला. ‘जिया टॅन’ हे नाव २०२१पासून मदत करत होतेच. त्याला अधिकार मिळाले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला.

(११) आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी कट उघड केला. चाचणीतील वितरणांपर्यंत पोहोचलेले विष प्रमुख स्थिर वितरणांत जाण्याआधी अडले. कटवाल्यांनी कोडइतकाच आपल्या उदासीनतेचा अभ्यास केला होता. थकलेल्या रखवालदाराच्या मदतीला कोणी येणार नाही, ही त्यांची खात्री होती. आणि तेवढ्यापुरते ते बरोबर ठरले.

(१२) मग करायचे काय? प्रत्येक वितरणाने आपापल्या पॅचचे गाठोडे वेगळे वाहत राहणे पुरेसे नाही. अपाचीच्या आठांप्रमाणे गाठोडी एकत्र सोडावीत आणि ‘आता अपस्ट्रीम आम्ही’ असे जाहीर करावे. २०११ साली ग्नोम ३ आल्यावर ग्नोम २ मागे पडला. त्याचा वारसा ‘माटे’ या नावाने उघडपणे चालवला गेला आणि आज अनेक वितरणे त्या एकाच कामावर विसंबतात. हे जमत नसेल, तर जाहीर निरोप द्यावा. तिसरा मार्ग, म्हणजे सोयीस्कर मौन, बंद व्हावा.

(१३) आणि इतिहासाच्या अभ्यासकांनो, आपलेही देणे आहे. बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, हे आपण उठताबसता सांगतो. डेबियनच्या पॅकेजसोबत ‘चेंजलॉग’ नावाची नोंदवही येते : तारीख, बदल, कारण आणि करणाऱ्याचे नाव. इतके अस्सल साधन संगणकात पडून असताना आपण अजून संस्थापकांच्या आख्यायिकाच घोळवत बसलो आहोत. ज्यांची नावे इतिहासात येत नाहीत, त्यांच्या मदतीलाही कोणी येत नाही. तेव्हा पुढचा धागा लिहाल, तो रेघेच्या उजवीकडून सुरू करा.