समावेशित शिक्षण : प्रवेशाच्या पुढचा प्रश्न

अनेक शाळांच्या प्रवेश अर्जात मुलाच्या विशेष गरजांची नोंद करण्यासाठी एक रकाना असतो. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व अथवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या पालकांना हा रकाना भरताना विवंचना पडते. खरे लिहावे, तर ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे उत्तर ऐकावे लागण्याची भीती. न लिहावे, तर वर्गात मूल मागे पडल्यावर दोष त्याच्याच माथी येणार. ज्या माहितीच्या आधारे शाळेने मुलाला साहाय्य करावयाचे, तीच माहिती दडविण्याचा विचार पालकांच्या मनात यावा, यातच आपल्याकडील समावेशित शिक्षणाची खरी अडचण दिसून येते.

वास्तविक कायदा या पालकांच्या बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून अमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा त्यात ‘वंचित गट’ म्हणून स्पष्ट समावेश झाला. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत, किंवा त्याची निवड असेल तर विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे.

या कायद्याने केलेली समावेशित शिक्षणाची व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. तिचे दोन भाग आहेत. दिव्यांग आणि इतर विद्यार्थ्यांनी एकत्र शिकावे, हा पहिला. आणि अध्यापनाची व अध्ययनाची पद्धत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार बदललेली असावी, हा दुसरा. गेल्या काही वर्षांत सरकारी यंत्रणांचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या भागावर राहिले. पटनोंदणी झाली, उतरंडी बांधल्या गेल्या, साहित्य व उपकरणांचे वाटप झाले. हे काम आवश्यकच होते. परंतु विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा अडथळा शाळेच्या पायरीवर नसतो, तो फळ्यासमोर असतो. चाकाच्या खुर्चीला उतरंड लागते, तशी या मुलाला शिकविण्याची वेगळी रीत लागते. व्याख्येचा हा दुसरा भाग अद्याप कागदावरच आहे.

त्याचे परिणाम आकडेवारीत उमटतात. युनेस्कोने २०१९ मध्ये भारतातील दिव्यांग बालकांच्या शिक्षणाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. २०११ च्या जनगणनेच्या आधारे त्यात नमूद करण्यात आले, की पाच वर्षे वयाच्या दिव्यांग बालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, तर ५ ते १९ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश बालके कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. पाचव्या वर्षीचे हे प्रमाण विशेष चिंताजनक म्हटले पाहिजे. भाषा, हालचाल आणि इतरांशी वागणे-बोलणे यांच्या विकासाला लवकर मिळालेल्या मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो आणि नेमका हाच काळ निसटून जातो. अंगणवाडीतच अशा बालकांची ओळख पटावी, यासाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यपद्धती जाहीर केली. हे पाऊल योग्य आहे. मात्र ओळख पटल्यावर पुढे शिकविणार कोण, हा प्रश्न उरतोच.

विशेष शिक्षकाचे पद ही या साऱ्या व्यवस्थेतील कळीची बाब आहे. मुलाची क्षमता पाहून वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे, वर्गशिक्षकाला सल्ला देणे आणि पालकांशी संपर्क ठेवणे हे त्याचे काम. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांची कायमस्वरूपी पदे निर्माण करण्याचा आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण निश्चित करण्याचा आदेश दिला. त्यानुसार केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक, असे प्रमाण अधिसूचित केले. तरीही राज्यांकडून पुरेशी कार्यवाही न झाल्याने ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. मंजूर पदांची संख्या तीन आठवड्यांत अधिसूचित करावी, तसेच वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या पात्र शिक्षकांची छाननी करून त्यांना नियमित करण्याचा विचार व्हावा, असे त्यात सांगण्यात आले.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. कंत्राटी अनिश्चिततेच्या तुलनेत हा निर्णय निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि येथे ‘केंद्र’ म्हणजे अनेक शाळांचा समूह होय, हे ध्यानात घ्यावे लागेल. एका शिक्षकाने या शाळांमध्ये आळीपाळीने जावयाचे, तर एकेका मुलाच्या वाट्याला आठवड्यातील किती तास येणार? दिनक्रमातील लहानसा बदलही ज्याला अस्वस्थ करतो, अशा स्वमग्न मुलाला अधूनमधून येणाऱ्या पाहुण्या शिक्षकाचा उपयोग मर्यादितच राहील.

समावेशित शिक्षणावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाकडे लक्ष द्यावे तर इतरांचे नुकसान होते, असे शिक्षक सांगतात. प्रशिक्षणाविना आणि मदतनीसाविना ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली, तर ही तक्रार खरी ठरते. मात्र त्यावरून मुलाला वर्गाबाहेर काढावे, असा निष्कर्ष निघत नाही. वर्गात दुसरा हात हवा, एवढाच निघतो. शिवाय या मुलांसाठी लागणारे अनेक बदल खर्चिक नसतात. दिवसभराचा कार्यक्रम चित्रांतून भिंतीवर लावणे, सूचना एका वेळी एकच आणि थोडक्यात देणे, गोंगाटापासून दूरची जागा देणे, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर स्वीकारणे यांसारख्या गोष्टींचा लाभ वर्गातील इतर मुलांनाही होतो.

दुसरा आक्षेप असा, की विशेष शाळांमध्ये या मुलांची अधिक चांगली काळजी घेतली जाते. महाराष्ट्रातील विशेष शाळांचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु याच परंपरेतील एका संस्थेचा प्रवास बोलका आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी विशेष शाळा सुरू केली. त्याच संस्थेने पुढे समावेशित शिक्षणाचा पुरस्कार केला आणि आपले विद्यार्थी सर्वसाधारण शाळांमध्ये पाठविण्याचा मार्ग धरला. विशेष शाळांतील तज्ज्ञता परिसरातील शाळांच्या मदतीस यावी, हा त्यातून घेण्यासारखा धडा आहे. विशेष शाळा बंद करणे, असा त्याचा अर्थ नव्हे.

अशा देवाणघेवाणीत प्रशासकीय विभागणी आड येते. केंद्रात दिव्यांगांचा विषय सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, तर शाळा शिक्षण मंत्रालयाकडे आहेत. महाराष्ट्रातही २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि शालेय शिक्षण विभाग निराळा आहे. मूल एकच असले तरी त्याची कागदपत्रे दोन दारांतून फिरतात. दोन्ही विभागांचे विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि निधी तालुका पातळीवर एकत्र आणल्यास उपलब्ध साधनांतही बरेच काही साधता येईल.

तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे. काही मुलांसाठी तो गरजेचा आहे. मात्र तो कुटुंबाने निवडावयाचा पर्याय आहे. शाळेने नकार देण्यासाठी वापरावयाची पळवाट नव्हे. घरी शिकणाऱ्या मुलाला शब्द आणि अंक कदाचित येतील, पण डबा वाटून खाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रुसणे आणि पुन्हा मैत्री करणे हे सवंगड्यांतच शिकता येते. सोबतच्या मुलांनाही याच वयात कळते, की सगळे सारख्या गतीने शिकत नाहीत आणि त्यात कमीपणा नाही.

तेव्हा समावेशित शिक्षणाची प्रगती केवळ पटावरील संख्येने मोजणे पुरेसे ठरणार नाही. किती शाळांना विशेष शिक्षक मिळाला, किती मुलांचे वैयक्तिक आराखडे तयार झाले आणि वर्षाअखेर त्यांतील किती उद्दिष्टे साध्य झाली, याची नोंद प्रत्येक जिल्ह्याने ठेवून ती जाहीर केली पाहिजे. शाळांची ही तयारी दिसू लागली, तर प्रवेश अर्जातील तो रकाना पालक निःसंकोचपणे भरू लागतील. कायद्याची अंमलबजावणी खऱ्या अर्थाने सुरू झाल्याची ती खूण असेल.