बैल जुंपून बघता, मग पिस्तूल का नाही?

पुसेगावच्या यात्रेत नाहीतर खरसुंडीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला आपला माणूस काय करतो? दात बघतो, खूर उचलून बघतो, पाठीवर थाप मारून बघतो, चार पावलं चालवतो. तेवढ्यावरही भागत नाही. जुंपून बघितल्याशिवाय कनवटीचा पैसा बाहेर काढत नाही. 'सहा दाती झालाय, पण मानेवर जू कसलं ते माहीत नाही, अगदी कोरा आहे बघा,' असं सांगून कोणी जादा किंमत मागायला लागला, तर सगळा बाजार त्याला हसेल.

पण हाच माणूस जुनं पिस्तूल घ्यायला गेला की त्याची अक्कल कुठे जाते कोण जाणे! विकणारा सांगतो, 'वीस वर्षं कपाटात आहे, पाच-दहा गोळ्यासुद्धा झाडल्या नाहीत,' आणि घेणारा खूश होऊन जातो. आमच्या मते अशा वेळी खूश होण्याऐवजी सावध व्हायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. शिराळ्यात, पाटणला, जावळीत रानडुकरांनी भात-ऊस उद्ध्वस्त केला की 'एखादं पिस्तूल घ्यावं' अशी भाषा पारावर निघते. पिकाच्या राखणीसाठी पिस्तुलाचा परवाना मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने त्यासाठी ठासणीची बंदूक धरली आहे, आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. बंदूक मिळाली म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळाली, असंही नाही. त्याला वन खात्याची परवानगी लागते. २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तर बिबट्या आणि गवा पहिल्या. कोयना-चांदोलीचा पट्टा २०१० पासून व्याघ्र प्रकल्प आहे, हेही ध्यानात असू द्या.

मग जुनं पिस्तूल घेतं कोण? खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, ज्यांना सोनं घेऊन परमुलखात फिरावं लागतं. रोकड बाळगणारे व्यापारी. धमक्या आलेले काही गावपुढारी. आणि खरं सांगायचं तर, कमरेला काहीतरी दिसावं एवढ्याचसाठी घेणारे हौशीही. या शेवटच्यांसाठी आमचं लिहिणं नाही. त्यांचं पिस्तूल चाललं नाही तर बरंच!

बाकीच्यांच्या आवाक्यात येतं ते बहुधा सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं 'अशनी', बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, तेही कोणीतरी वापरून काढलेलं. परदेशी पिस्तुलं १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरून आणता येत नाहीत. त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या वेब्ली-वॉल्थरला सोन्याचा भाव आला आहे. हा भाव दुर्मिळपणाचा आहे. आजोबांच्या वयाचं विलायती पिस्तूल दसपट किमतीचं असलं तरी त्याची स्प्रिंग म्हातारी झालेली असू शकते. आणि 'ऑर्डनन्सचा माल, त्याचं काय बघायचं' म्हणून नाक मुरडण्यातही अर्थ नाही. एकाच कारखान्यातून निघालेली दोन पिस्तुलं, एक बिनतक्रार चालतं आणि दुसरं तिसऱ्या गोळीला अडतं, असं होऊ शकतं. स्वस्तातल्या मालात हा फरक जास्त, इतकंच. तेव्हा नावावर जाऊ नका, समोरचा नग बघा.

तो बघायचा कसा? पहिलं काम, मॅगझीन बाहेर आणि स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री. मालक 'रिकामंच आहे हो' म्हणाला तरी. मग उजेडाकडे धरून मागच्या बाजूने नळीतून बघा. आत काळसर कडं दिसलं तर समजा, कधीतरी कमजोर काडतुसाची गोळी आत अडकली आणि त्यावर दुसरी झाडली गेली. तिथे नळी फुगलेली असते. असला नग फुकट मिळाला तरी घेऊ नका. खड्डे असतील तर गंजाने खाल्लं आहे. कपाटात चामडी म्यानात ठेवलेली आणि आचारसंहितेत महिनोन् महिने ठाण्यात जमा राहिलेली हत्यारं आपल्या पावसाळ्यात अशीच खराब होतात.

तरी नळी फार क्वचित दगा देते. दगा देतं ते मॅगझीन. पत्र्याचे ओठ जरा वाकले, आतली स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबून बसली, की गोळी वर सरकत नाही नाहीतर तिरकी अडकते. त्याखालोखाल रिकामं काडतूस ओढून काढणारा खिळा आणि फायरिंग पिन. हे भाग बाहेरून चकचकीत दिसतात, आणि चांगले की वाईट ते गोळ्या झाडल्यावरच कळतं. म्हणून म्हणतो, कमी वापरलेलं पिस्तूल आणि भरवशाचं पिस्तूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने दहा गोळ्या झाडल्या त्याला अकराव्या गोळीला काय होतं ते माहीतच नाही, तर तो तुम्हाला काय सांगणार?

आता अडचण अशी की परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजका आणि काडतूस महाग. तरीही दोन-तीन मॅगझीन तरी न अडकता संपल्याशिवाय व्यवहार करू नये. जी काडतुसं पुढे वापरणार तीच, ताजी. मालकाच्या डब्यातली पंधरा वर्षांपूर्वीची नकोत. ती फुसकी निघाली तर दोष पिस्तुलाचा की दारूचा, हेच कळणार नाही. चाचणी परवानगी असलेल्या रेंजवर, मालकाच्या हजेरीत व्हावी. मळ्यात नको आणि वरातीत तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

बँकेच्या पहाऱ्यावर जाणारे माजी सैनिक जुनी एकनळी-दुनळी घेतात, त्यांना फारसं सांगायला नको. तरी भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेवढं आधी बघा. आणि नळीवर काडतुसाची लांबी कोरलेली असेल तर ती वाचा, जुन्या आखूड खोलीत आजचं लांब काडतूस घालू नका. उलट बाकीच्यांनी या माणसांकडून शिकावं. अपशिंग्यासारख्या गावात घराघरात फौजेत राहिलेली माणसं आहेत. पलटणीत आर्मोररचं काम केलेला एखादा सुभेदार सोबत नेला, तर तो पाच मिनिटांत सांगेल ते विकणारा पाच दिवसांत सांगणार नाही.

राहता राहिला कागद. पिस्तुलावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एक आहे का, नंबर घासलेला तर नाही ना, हे बघणं आलंच. नंबर नसलेला स्वस्त नग म्हणजे गावठी कट्टा, त्याच्या भरवशाची चर्चा करण्यात अर्थ नाही. तो फुटला तर हात जातो आणि न फुटला तर तुरुंग. परवानाधारकाने परवानाधारकाला विकायचं असेल, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस थांबायचं, असा कायदा आहे. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी हे गावात सांगितलं पाहिजे. कारण पुष्कळ जण पैसे आधी देऊन टाकतात आणि अर्ज मागाहून करतात.

हे पंचेचाळीस दिवस फुकट गेले असं समजू नका. तपासणी, रेंजवरची चाचणी, सुभेदाराला दाखवणं, सगळं याच मुदतीत होतं. तोवर फार तर विसार द्यावा, आणि विसारपावतीवर पिस्तुलाचा नंबर घालून लिहून घ्यावं की चाचणीत गोळी अडकली तर विसार परत. विकणारा एवढं लिहून द्यायला का-कू करायला लागला, तर पायताण घालून सरळ घरी यावं.