आधी गरज, मग प्रणाली

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने संगणकाच्या आज्ञावल्या काही मिनिटांत लिहून मिळू लागल्याने सॉफ्टवेअर आता स्वस्त आणि सोपे होणार, असा समज पसरला आहे. तथापि, आपल्याला नेमके काय हवे आहे, हा सॉफ्टवेअर प्रकल्पांतील सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्याचे उत्तर टाळण्याची किंमत किती असते, हे अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने अनुभवले आहे.

तपासप्रकरणांची कागदपत्रे संगणकावर नेण्यासाठी २००१मध्ये ‘एफबीआय’ने ‘एसएआयसी’ या कंपनीला काम दिले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि जुन्या प्रणालीत सुधारणा करण्याऐवजी संपूर्ण नवी प्रणाली उभारण्याचे ठरले. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा झाला. कोणते बटण कुठे असावे, इथपर्यंतचा तपशील त्यात होता. अपेक्षा मात्र काम सुरू असतानाही बदलत राहिल्या.

डिसेंबर २००३मध्ये प्रणाली हाती आली, तेव्हा ‘एफबीआय’ने ती नाकारली. दोष कोणाचा, यावर वाद झाला. लवादापुढे आलेल्या ५९ मुद्द्यांपैकी १९ मुद्दे ‘एफबीआय’ने बदललेल्या मागण्यांचे, तर उर्वरित कंपनीच्या चुकांचे ठरले. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झालेला हा प्रकल्प २००५मध्ये गुंडाळण्यात आला. त्यानंतरचा ‘सेंटिनल’ प्रकल्पही रखडला. अखेर २०१०मध्ये ‘एफबीआय’ने तो स्वतःकडे घेतला, दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करून प्रत्येक टप्पा तपासला आणि जुलै २०१२मध्ये प्रणाली वापरात आणली.

यातला धडा साधा आहे. गरज मोजता आणि तपासता येईल अशा शब्दांत लिहायला हवी. ‘प्रणाली वेगवान असावी’ या वाक्याला अर्थ नाही. ‘हजार जण एकाच वेळी अर्ज भरत असताना पान तीन सेकंदांत उघडावे’ या वाक्याला आहे. प्रत्येक मागणीला क्रमांक हवा. ती कोणी व कशासाठी केली, याची नोंद हवी. मागण्या बदलणारच, पण बदलामुळे खर्च आणि मुदत किती वाढेल, हे समजल्याशिवाय त्याला मंजुरी मिळता कामा नये.

आपल्याकडेही दाखले, कर, जमिनीचे उतारे संगणकावर आले आहेत. परदेशी ग्राहकांच्या गरजा समजून घेण्यावर पुण्यातील सॉफ्टवेअर उद्योग वाढला. ते कौशल्य येथील सार्वजनिक प्रकल्पांनाही हवे. निविदा काढण्यापूर्वी खिडकीमागचा कारकून आणि रांगेतला नागरिक या दोघांनाही विचारले गेले पाहिजे. अन्यथा यंत्र झपाट्याने लिहील, पण लिहील ते चुकीचेच. त्याचा भुर्दंड मात्र करदात्यालाच सोसावा लागेल.