तुरुंगातला झाडू कुणाच्या हाती?

नेरूळपासून तळोजा मध्यवर्ती कारागृह फार दूर नाही. भिंतीआड काय चालतं, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

अशी चौकशी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केली. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत साफसफाई ‘खालच्या’ जातींकडे आणि स्वयंपाक ‘वरच्या’ जातींकडे, अशी वाटणी छापलेली होती, हे 2020 मध्ये त्यांनी उघड केलं. बातमीवर न थांबता त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

3 ऑक्टोबर 2024 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. अस्पृश्यता संपवणारं कलम 17 आणि वेठबिगारीला बंदी घालणारं कलम 23 तुरुंगातही लागू आहेत, असं बजावलं. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत नियमावली सुधारा, असे आदेश दिले.

जन्मावरून मारलेल्या शिक्क्याचे चटके सोसलेल्या पारधी समाजासाठी हा निकाल विशेष मोलाचा आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कपाळी मारलेला ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का 1952 मध्ये कागदावरून गेला, पोलिसी संशयातून गेला नाही.

हा प्रश्न फक्त शिक्षा झालेल्यांचा नाही. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी तुरुंगांची नियमित पाहणी करावी, असंही न्यायालयाने सांगितलं आहे. त्या पाहणीचे अहवाल नागरिकांसमोर यायला हवेत, तळोज्याचेसुद्धा.