विश्लेषण : बंद जिनिंगच्या शेडमध्ये मित्रांनी घर थाटायचे ठरवले, तर?

उंच छत, उघड्या विटा, लोखंडी कैच्या आणि वर लाकडी माळा. मोबाइलवर अशी ‘लॉफ्ट’ घरे पाहिली की यवतमाळसारख्या कापूस जिल्ह्यात बंद जिनिंगकडे नजर जाणे साहजिक आहे. चार मित्रांनी शेड घ्यायची आणि ‘शकुंतला’ रेल्वेचे स्थानक किंवा कापूस बाजार अशी संकल्पना ठरवून तिचे घर करायचे. सजावट हा यातला सोपा भाग झाला. पैसे अडकतात ते कागदपत्रांत.

ही कल्पना आली कुठून?

न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६०च्या दशकात ओस पडलेल्या कारखान्यांत कलावंत राहू लागले. भाडे कमी होते, पण तिथे राहणे बेकायदा होते. १९७१ मध्ये कलावंतांना मुभा मिळाली आणि १९८२च्या ‘लॉफ्ट कायद्या’ने अशा इमारती आगीपासून सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. तिथे माणसे आधी राहायला आली, कायदा मागून आला. आपल्याकडे आधी परवानगी लागते.

परवानगी कशाची?

जमीन अकृषक आहे, एवढे पुरत नाही. औद्योगिक आणि निवासी हे वापर वेगळे धरले जातात. शेड नगरपालिका हद्दीत असेल तर विकास आराखड्यात ती जागा कोणत्या विभागात आहे, हे आधी पाहावे. २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत औद्योगिक विभागात अटींसह निवासी वापराची वाट आहे. लोहारा एमआयडीसीसारख्या वसाहतीतला भूखंड मात्र उद्योगासाठी भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तिथे घराचा विचार सोडलेलाच बरा.

बंद उद्योगाच्या जागेबाबत एक अट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाली आहेत, असे कामगार आयुक्तांचे ना-हरकत पत्र लागते. ही अट कोरडी वाटेल, पण तिच्यामागे मुंबईचा अनुभव आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, कामगारांचा घरांसाठीचा लढा मात्र दशकानुदशके चालला. शेड स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का, हे विचारायला हवे.

शेड राहण्याजोगी असते का?

ती माणसांसाठी नव्हे, रेचे आणि रुईसाठी बांधलेली असते. कैच्यांवर, भिंतींच्या फटींत रुईची धूळ साचलेली असते आणि वेल्डिंगची एक ठिणगी तिला पुरते. रुई आतल्या आत धुमसत राहते, आग उशिरा दिसते. म्हणून माळ्याचे लोखंडकाम सुरू करण्यापूर्वी शेड कोपऱ्यान्‌कोपरा साफ व्हायला हवी. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू वा कापू नयेत. विदर्भाच्या मे महिन्यात टिनाखालचा माळा ही भट्टीच. छताला उष्णतारोधक थर नसेल, तर कूलरही हात टेकतो.

जागेचा वापर बदलला आणि सुरक्षेकडे काणाडोळा झाला की काय होते, हे मुंबईच्या कमला मिल आवारात २०१७च्या डिसेंबरमध्ये दिसले. तिथल्या पबला लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. घरातही माळ्यावरून खाली यायला एकच जिना असेल, तर धोका तोच.

आणि मैत्रीचे काय?

गृहकर्ज निवासी मालमत्तेसाठी असते. वापर बदलेपर्यंत बहुतेक रक्कम स्वतःच उभी करावी लागते. खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा नमूद करावा. एखाद्याची बदली झाली, लग्न ठरले किंवा पैशांची गरज पडली, तर त्याचा हिस्सा कोणी, कोणत्या दराने घ्यायचा, याचा करार पहिली वीट हलवण्याआधी व्हावा. तो नसेल, तर कोणताही सहमालक वाटपासाठी न्यायालयात जाऊ शकतो. आणि एका शेडचे चार तुकडे करणे शक्य नसेल, तर ती विकण्याचा आदेशही होऊ शकतो.